सभापतींनी सरळ केलेल्या ओळी

१३ मार्च २०२०, मेनूथ, आयर्लंड

शाळा बंद. विद्यापीठ बंद. नात अश्लेषा खूश, तिची आई अस्मिता चिंतेत. संध्याकाळी अस्मिता दारात उभी, दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या. मला वाटलं तांदूळ-पीठ असेल, सगळीकडे लोक तेच भरून ठेवताहेत म्हणे. बघतो तर झेरॉक्सचे गठ्ठे! ग्रंथालयाला कुलूप लागायच्या आत निघेल तेवढं काढून आणलं पोरीने.

"बाबा, बाकीचे टॉयलेट पेपरसाठी भांडत होते. मी मशीनसाठी भांडले."

अशी सून मिळायला नशीब लागतं. माझी सुलक्षणा होती तेव्हा नेहमी म्हणायची.

मुलगा वरुण या शनिवारी येणार होता. आता कुठला येतोय! लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या सुट्या रद्द. विमानतळावरून मला इथे आणून सोडलं आणि तसाच गाडी फिरवून गेला, त्यानंतर दर्शन नाही. नवी नोकरी, लांबचं गाव, आणि त्यात हे संकट.

१५ मार्च

वरुणचा फोन. "बाबा, मी दिवसभर पेशंटमध्ये. घरी आलो तर तुम्हालाच घेऊन येईन ते. नकोच." शहाणा मुलगा. आईवर गेलाय.

२८ मार्च

सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही, असा हुकूम. त्याला इथे कोशात बसणं म्हणतात! फुलपाखरू होऊन काय करू म्हणावं या वयात.

५ एप्रिल

आज विचारलंच. म्हटलं, अगं एवढी वर्षं प्रबंध लिहितेस, कोणावर लिहितेस ते तरी कळू दे. अस्मिता हसली. "एका राजकारण्यावर, बाबा."

मला वाटलं थट्टा. पण नाही. अठराव्या शतकातला इंग्रज गृहस्थ. मोठा जमीनदार, पार्लमेंटात गेला, सभापती झाला — तिकडचं केवढं मानाचं आसन! राजकारण आटोपलं तसा आपल्या गावाकडच्या घरी जाऊन बसला. आणि त्यांच्या त्या थोर नाटककाराची सगळी नाटकं घेऊन समासात दुरुस्त्या करू लागला. आपल्यापुरत्या, आपल्या आनंदासाठी. मित्र म्हणाले, छापा. मग छापली. सहा खंड, उंची कागद, चित्रं, सगळा थाट!

नाव तिने दोनदा सांगितलं, माझ्या जिभेवर काही बसेना. मी त्यांना सभापती म्हणणार.

मी म्हटलं, मग चांगलंच केलं की!

"चांगलं कसलं! काय बदललं ते सांगितलंच नाही ना. ओळीत मात्रा कमी वाटली, घातला आपला एक शब्द. जास्त वाटली, काढला. जे हलकं वाटलं ते पानाच्या तळाला ढकललं, बारीक टायपात. वाचणाऱ्याला वाटतं मूळचंच एवढं गुळगुळीत आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून फर्निचर हलवायचं, आणि वर म्हणायचं, असंच होतं!"

फार रागावलेली आहे ती सभापतींवर. मला मात्र माणूस आवडला. दुपारची वेळ, शांत घर, हातात टाक. ओळ अडखळली की याला बघवत नाही. लेकरू ठेच लागून पडायला आलं की आपला हात पुढे होतोच, तसं ते.

कराडच्या शाळेतला कवितेचा तास आठवला. शेवटचा तास, चार वाजताचं ऊन बाकांवर. मास्तर डस्टरने टेबलावर ठेका धरायचे आणि पन्नास पोरं एका चालीत — अर्थ कोणाला कळत होता! पण एकाचा जरी सूर घसरला तरी मास्तर ओरडायचे, "थांब! पाय मोडलास तिचा!" कविता म्हणजे त्यांची कोणी लेक होती जशी. इंग्रजी कवितांनाही चाल लावायचे! साहेबाने ऐकलं असतं तर टोपी सोडून पळाला असता.

त्या चाली अजून आहेत माझ्यात. सुलक्षणाला झोप येत नसली की मी म्हणायचो, दुसऱ्या कडव्याला ती घोरायची.

२० एप्रिल

बाळासाहेबचा व्हिडिओ कॉल. "काय प्रभाकरपंत, लंडनची हवा मानवली?"

"अरे आयर्लंड, आयर्लंड!"

"एकच की ते."

"इथे म्हणू नकोस हो, मार खाशील."

गावात सगळं बंद म्हणाला. पेन्शनरांचा कट्टासुद्धा ओस. विमानांचा पत्ता नाही. तीन महिन्यांसाठी आलो होतो. असो.

६ मे

कोशातून सुटका! कालव्यापर्यंत जाऊन आलो, अश्लेषाचा हात धरून. हंसाच्या जोडीला पाच पिलं. मी मराठीत बोलतो, ती इथल्या वळणाच्या इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. हंसांवरची एक जुनी चाल म्हणून दाखवली. "आजोबा, एव्हरीवन इज लुकिंग!" बघू देत की.

११ जुलै

वरुण आला! तीन तास गाडी हाकून. वाळलाय. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसला, आत पाऊल टाकलं नाही. अस्मिताने खिडकीतून कप पुढे केला.

"थँक्स."

"साखर नाही घातलेली."

"चालेल."

किती जपतात एकमेकांना! टीव्हीवर सांगतात त्याच्या दुप्पट अंतर. मी म्हटलं, अरे आता नियम सैल झालेत, आत ये, आईच्या फोटोला नमस्कार तरी कर. "पुढच्या वेळी, बाबा." मग अश्लेषाला घेऊन कालव्यावर गेला. पोर परत आली तर डोळे लाल. काय झालं गं? "आय ॲम ग्रँड, आजोबा." हे इथलं ग्रँड म्हणजे काही सांगायचं नसलं की म्हणायचा शब्द! बाप लांब राहतो, पोर हळवी होणारच.

तो गेल्यावर अस्मिताला म्हटलं, अगं, हे लिखाण लेटरकेनीत बसून होणार नाही का? इथे तुम्ही, तिथे तो एकटा. ती भांडी विसळत होती. बराच वेळ विसळत होती.

"आधी प्रबंध होऊ दे, बाबा. मग बोलू."

ठरलं तर! प्रबंध झाला की लेटरकेनी. मीही आता परतीच्या विमानाची घाई करणार नाही. तिघांना एका छपराखाली बघूनच जाईन. सुलक्षणाच्या फोटोला तसं सांगून टाकलं.

८ ऑगस्ट

आमची किल्डेअर काउंटी पुन्हा बंद! बाकी देश मोकळा. वरुणचं "पुढच्या वेळी" लांबलं.

२ सप्टेंबर

अश्लेषाची शाळा सुरू. घर एकदम मोठं वाटतं. अस्मिता स्वयंपाकघराच्या टेबलावर, मी खिडकीशी. ती मधूनच एखादी ओळ मोठ्याने वाचते, मी बोटांवर मात्रा मोजतो. सभापतींची ओळ बरोबर बसते! मी तसं म्हणालो की ती उशी फेकते.

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

प्रबंधाच्या बाजूचा. रोज दुपारी आल्याचा चहा करून देतो. तेवढी पानं पुढे सरकतात.

१६ नोव्हेंबर

मला काम मिळालं! चौथ्या प्रकरणात दोन रकाने आहेत. डावीकडे जुनी छापील ओळ, जशी लंगडत आली तशी. उजवीकडे तीच ओळ, सभापतींनी सरळ केलेली. सगळा प्रबंध त्या दोन रकान्यांवर उभा. डावा रकाना तिने घाईत उतरवला होता, तो आता पुन्हा मुळाशी ताडून घ्यायचाय. पण दिवसभर त्या पडद्याकडे बघून तिचे डोळे चुरचुरतात. "बाबा, तुम्ही झेरॉक्सवरून वाचाल? मी ऐकून दुरुस्त करत जाते."

वाचाल का, विचारते!

१७ नोव्हेंबर

जुन्या छपाईत इंग्रजी एस अगदी एफसारखा. पहिल्या तासाला राजापासून शिपायापर्यंत सगळी पात्रं बोबडी! अस्मिता हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. किती दिवसांनी हसली अशी. मग जमलं. काय वाचलं मी आज! खडखडीत, ठेक्यात. मास्तरांनी पाठ थोपटली असती. ती मान खाली घालून टकटक करतेय, मी वाचतोय, बाहेर चार वाजताच अंधार. तरी घरात उजेड वाटत होता.

१९ नोव्हेंबर

डावा रकाना संपला. चौथं प्रकरण मार्गदर्शक बाईंकडे गेलं.

२ डिसेंबर

बाईंची मेल. अस्मिताने वाचली, लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. मग वॉशिंग मशीनला टेकून जमिनीवरच बसली.

बाई विचारतात — इतक्या ठिकाणी डावी ओळ आणि उजवी ओळ एकच आहे. मग तुझ्या गृहस्थांनी बदललं काय?

मी म्हटलं, बाईंनाच नीट दिसलं नसेल. झेरॉक्स काढली. "वाचा," अस्मिता म्हणाली. वाचली. "आता बोट ठेवून वाचा." बोट ठेवलं. बोट जिथे थांबलं तिथे शब्द नव्हता. जीभ मात्र सभापतींचा शब्द म्हणून पुढे गेली होती.

दुसरी ओळ. तेच. तिसरीत एक शब्द जास्त होता, तो मी गिळला होता. ओळ ठेक्यात बसत नव्हती ना! मला कळलंसुद्धा नाही. देवाशप्पथ कळलं नाही.

"बाबा, तुम्ही वाचत नव्हता. तुम्ही म्हणत होतात!"

जानेवारीअखेर प्रबंध द्यायचा आहे. एकदा मुदत वाढवून झाली आहे, पुन्हा मिळणार नाही. आणि डाव्या रकान्यातली कुठली ओळ खरी आणि कुठली माझी, हे आता सगळं पुन्हा ताडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

"मी ऐकून टाइप केलं, बघितलं नाही. माझीच चूक," असं म्हणून ती खोलीत गेली. चिडली असती तर बरं होतं.

३ डिसेंबर

आज काही लिहवत नाही. चहा केला. तिने घेतला नाही.

४ डिसेंबर

सकाळी अस्मिता म्हणाली, "सोडूनच द्यावं म्हणते, बाबा. कशाला एवढा अट्टाहास? कोणाला हवंय?"

मला हवंय म्हणालो. आवाज जरा चढलाच. मग ती रडली. मीही. अश्लेषा शाळेत होती ते एक बरं.

रडून झाल्यावर म्हटलं, हे बघ, मी कवितेच्या तासाला जेवढा बसलो त्याच्या कैकपट तार ऑफिसात बसलोय. उभा जन्म लोकांचे शब्द इकडून तिकडे केले. कोणाचा मुलगा वारला, कोणाला मुलगी झाली — आपण अक्षर बदलायचं नाही, गहिवरायचं नाही. आला शब्द तसा पुढे. तसं वाचतो. एक शब्द, टेबलावर टिचकी. दुसरा शब्द, टिचकी. अर्थ नाही, ठेका नाही, चाल नाही. आणि या वेळी तूही शेजारी बसून कागदावर बोट ठेव.

तिने नाक पुसलं. "टिचकी हळू मारा. डोकं दुखतंय."

९ डिसेंबर

पाचवा दिवस. एकेक ओळ ठेचकाळते आणि मी दात आवळून तिला तशीच पडू देतो. फार अवघड! हात शिवशिवतात.

१४ डिसेंबर

झालं! पुन्हा सगळं ताडून झालं. कुठे लंगडतेय तिथे लंगडतेय.

चहा घेताना अस्मिता म्हणाली, "आजवर मला तो लबाड वाटायचा, बाबा. आता वाटतं, त्याला बहुधा ऐकूच तसं यायचं. हे लिहायला हवं." आणि लिहिलं. चार पानं, एका दमात.

मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगितलंच नाही. त्याची दुसरी बायको त्याला सोडून दुसऱ्याबरोबर निघून गेली होती. बरीच तरुण होती त्याच्यापेक्षा."

"अरेरे! मग करणार काय बिचारा. नाटकातल्या ओळी तरी सरळ करायच्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात अश्लेषा दप्तर आपटत आली — भूक!

२९ जानेवारी २०२१

प्रबंध दिला! म्हणजे एक बटण दाबलं. "झालं?" "झालं." मला वाटलं होतं जाडजूड बांधणी, सोनेरी अक्षरं, पेढे. निदान शिरा तरी केला, केशर घालून.

वरुणला फोन लावून सांगितलं. "अरे वा. सांगा तिला." तूच सांग की! "तुम्हीच सांगा बाबा, ड्यूटीवर आहे."

मग मी सांगितलं. जरा नीट करून सांगितलं. वरुण फार खूश झाला, म्हणाला मला खात्रीच होती, म्हणाला माझ्या बायकोसारखी चिकाटी कोणात नाही.

अस्मिता म्हणाली, "असं म्हणाला?"

"म्हणजे... अगदी असंच नाही."

"हं." आणि माझ्या वाटीत आणखी शिरा वाढला.

३ एप्रिल

लशीचा पहिला डोस. हात दुखतोय. नर्स म्हणाली "गुड मॅन!" शाळेत कोणी म्हटलं नव्हतं.

२१ एप्रिल

तोंडी परीक्षा, लॅपटॉपवरच. अस्मिताने सुलक्षणाची नारायणपेठ नेसली, पायांत लोकरी मोजे. मी आणि अश्लेषा जिन्यावर, श्वास रोखून. दोन तास! चौथ्या प्रकरणावरच जास्त प्रश्न आले म्हणे. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा बघून मला काही विचारावं लागलं नाही.

अश्लेषा म्हणाली, "मम्, यू आर अ डॉक्टर नाऊ! बट द यूजलेस काइंड." तिघंही जिन्यावर बसून हसलो.

वरुणला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

२८ एप्रिल

गावाकडच्या बातम्या वाचवत नाहीत. बाळासाहेब बरा आहे. म्हणाला, "तू आहेस तिथेच थांब रे. तुझी माणसं आहेत तिथे."

१० मे

आजपासून काउंट्यांच्या हद्दी खुल्या! कोणीही कुठेही जावं!

अस्मिता विद्यापीठात गेली होती. मी दुकानातून रिकामी खोकी मागून आणली — दोन खेपा — आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. डबे, मसाल्याचा डबा, पोळपाट, कुकर. काचेचं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं. प्रत्येक खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत: लेटरकेनी. कंबर धरली, पण गाणं म्हणत होतो.

ती आली. दारातच थांबली.

"बाबा, हे काय?"

"अगं, प्रबंध झाला! आता वरुणला फोन कर, म्हणावं मोठी गाडी घेऊन ये."

ती एका खोक्यावर बसली. कोट तसाच अंगात. खोक्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मी विचारलं, जड झालंय का खोकं? ती म्हणाली, "उद्या बोलू या का, बाबा? उद्या अश्लेषा शाळेत गेली की."

११ मे

अस्मिताने सांगितलं. ती आणि वरुण वेगळे झाले आहेत. साथीमुळे नाही, मी इथे यायच्या आधीच. आई जाऊन वर्षही झालं नाही, बाबांना आता हे नको, तीन महिन्यांत परत जातील — असं म्हणून वरुणने तिला हात जोडले होते. मग विमानंच बंद झाली.

म्हटलं, "म्हणजे इतके दिवस मी इथे तुझा कोणीच नव्हतो?"

तिने किल्ल्या उचलल्या. "बाबा, भात लावा. मी अश्लेषाला घेऊन येते."

कुकर खोक्यातून काढला. भात लावला. तिघांचा.